ट्रामाडॉलची गोळी सोडताना अंग असं का मोडून येतं? कुणी यातून गेलंय का?

लेथवाला_मच्छे
१९ जून, पहाटे ३.१०

नमस्कार. झोप नाही म्हणून लिहायला बसलोय. बाहेर पाऊस धो धो, घरातली सगळी झोपलेली.

मी बेळगावजवळच्या मच्छेचा, वय ४१. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तीन वर्षांमागं जॉब, म्हणजे लेथवर चढवायचं लोखंड, उचलताना कंबरेत कळ आली. एमआरआय काढला, चकती सरकलेली निघाली. डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. सकाळी एक, रात्री एक, पंधरा दिवस. चिठ्ठी पंधरा दिवसांची होती आणि मी तीन वर्षं खातोय.

दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा. आता दिवसाला दहा. कंबर दुखते म्हणून नाही, घेतली नाही तर अंग उठत नाही म्हणून. एका दुकानात इतक्या देत नाहीत. मग एक पट्टी इथं, एक खानापुरात, रविवारी एसटी धरून हद्दीपलीकडं चंदगड तालुक्यात. पट्ट्या टूलबॉक्समध्ये ड्रिलच्या डब्याखाली ठेवतो. मंडळीला दोनच माहीत आहेत.

परवा मुलीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही सारखं सारखं काय गिळता?" काही बोलता आलं नाही. त्याच संध्याकाळी होत्या नव्हत्या त्या सगळ्या पट्ट्या गटारात टाकल्या.

आज तिसरी रात्र. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी. जांभयांवर जांभया, पण झोप नाही. घाम येतोय आणि त्याच वेळी अंगावर काटा. सात-आठ वेळा परसाकडं झाली. पाय एका जागी ठेवता येत नाहीत, पोटरीच्या आतून कुणी सुतळी ओढून घेतंय असं वाटतंय. संध्याकाळपासून मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका येतोय. आणि भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही.

हे किती दिवस चालतं? कुणी सांगेल का?

सिस्टर_अक्का
१९ जून, पहाटे ५.२५

भाऊ, आत्ता उठल्यावर वाचलं. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली सात वर्षं मानसोपचार वॉर्डात. आधी तातडीचं सांगते.

आज सकाळीच दवाखान्यात जा. एकट्यानं नको, आणि स्वतः गाडी चालवत तर मुळीच नको. याआधी कधी फिट आली होती का? अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, प्रेगाबालिन किंवा दारू, यातलं काही बरोबर चालू होतं आणि तेही याच वेळी बंद केलंत का? असेल तर डॉक्टरांना तेच पहिल्यांदा सांगा. झोपेच्या गोळ्या किंवा दारू एकदम तुटली की फिट येऊ शकते. पोटात पाणी ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, भलतंच दिसायला-ऐकायला लागलं असेल किंवा जीव द्यावा असं मनात येत असेल, तर सकाळ व्हायचीही वाट बघू नका. १०८ लावा.

दुसरं, आणि हे नीट वाचा. सहन झालं नाही आणि गोळी हातात घेतलीत तर जुन्या हिशोबानं घेऊ नका. अंगाला दहाची सवय होती ती बंद केल्यापासून उतरायला लागते. काही दिवसांनी तीच दहा घेतली तर झोपेत श्वास मंदावतो. वॉर्डात असे लोक मी पाहिलेत.

तिसरं, वहिनींना उठवा. आत्ता.

आता तुमचा प्रश्न. साध्या गोळीचा हा त्रास शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, आणि अंगाचा भाग आठ-दहा दिवसांत ओसरतो. झोप आणि मन मागून येतात, त्यांना कित्येक आठवडे लागतात. तुम्ही आत्ता ऐन चढावर आहात.

का होतं तेही सांगते, कारण कारण कळलं की भीती थोडी कमी होते. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं औषध आहे, फक्त कारखान्यात बनतं. ते वेदना दाबतं तसं मेंदूतल्या नॉरअॅड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशींनाही दाबून ठेवतं. महिनोन्‌महिने दाबून ठेवलं की त्या पेशी जास्तीचा जोर लावून काम करायला लागतात. मग वरचा दाब एकदम काढला की तो सगळा जोर मोकळा सुटतो. घाम, काटा, धडधड, जुलाब हे सगळं त्यातलं. त्यात ट्रामाडॉल मेंदूतलं सेरोटोनिनही वाढवतं, जसं उदासीवरची काही औषधं वाढवतात. डोक्यातला करंट आणि कारण नसलेली भीती बहुतेक त्या बाजूनं येते. तुम्हाला वेड लागलेलं नाही.

निपाणीकर_७२
१९ जून, सकाळी ८.०५

मनाचा निर्धार लागतो दादा, दुसरं काही नाही. आमच्या काकांनी चाळीस वर्षांची तंबाखू एका दिवसात सोडली. तीन दिवस काढलेत ना, अजून चार काढा. डॉक्टरकडं गेलात की ते दुसरी गोळी देणार, मग तिची सवय. गुळवेल आणि सुंठीचा काढा घ्या, पहाटे गार पाण्यानं आंघोळ करा.

चिकोडीची_ताई
१९ जून, सकाळी ९.४०

दादा, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय हे कळतं. तरी मला हे लिहिणं भाग आहे.

माझा धाकटा भाऊ असाच निर्धारानं बसला होता. अपघातात पाय मोडला होता, तेव्हापासून याच जातीची गोळी. आईनं खोलीला बाहेरून कडी घातली, आम्ही सगळ्यांनी मिळून. तो भिंतीवर पाय आपटायचा, आम्ही स्वयंपाकघरात बसून ऐकायचो आणि एकमेकांना म्हणायचो, अजून दोनच दिवस. आठ दिवसांनी त्रास थांबला. आम्ही जोतिबाला जाऊन आलो. पंधराव्या दिवशी मित्राच्या लग्नात कंबरेपासून पाय दुखायला लागला, त्यानं कुणाकडून तरी पट्टी मिळवली आणि आधी घ्यायचा तेवढ्याच घेतल्या. वर दारू. पहाटे मला घोरण्यासारखा आवाज आला. अडकत अडकत येणारा. दिवा लावला तर ओठ निळे पडलेले.

दवाखान्यात नॅलॉक्सोनचं, म्हणजे या गोळ्यांचा असर उतरवणारं, इंजेक्शन दिलं आणि वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागला नसता. त्याच्यात निर्धार कमी होता असं मला कुणी म्हणू नये. आठ दिवस त्यानं जे काढलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

तो घोरण्याचा आवाज लक्षात ठेवा सगळ्यांनी. झोप लागलीय असं समजून आपण पांघरूण घालतो आणि निघून जातो. हलवून उठत नसेल, श्वास तुटक असेल तर कुशीवर वळवा, १०८ लावा आणि सोडून जाऊ नका.

निपाणीकर_७२
१९ जून, सकाळी १०.१५

ताई, माफ करा. मला हे ठाऊक नव्हतं. वरचं एकदम सोडायचं लिहिलेलं कुणी मनावर घेऊ नका.

औषधवाला_खानापूर
१९ जून, दुपारी २.३०

माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. आमच्या बाजूनं काही सांगतो.

पट्टीच्या मागं लाल चौकट छापलेली असते, ती बहुतेक जण वाचत नाहीत. ट्रामाडॉल आधीपासून एच-१ वर्गात आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. एवढं असून दादांना तीन गावांत तीन पट्ट्या मिळत होत्या. ते आमच्या धंद्यातल्या माणसांमुळंच. मीसुद्धा ओळखीच्या चेहऱ्याला "राहू दे, चिठ्ठी उद्या आणा" असं कितीदा म्हटलंय. हल्ली म्हणत नाही.

एक गैरसमज दूर करतो, कारण काउंटरवर रोज ऐकतो. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या अफूच्या जातीच्या नाहीत. त्यांनी जठर आणि किडनीला इजा होते, पण बंद केल्यावर असा त्रास होत नाही. हा त्रास ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांचा. नाव दुकानाच्या भाषेतलं बघू नका, पट्टीवर बारीक अक्षरात आतलं औषध लिहिलेलं असतं ते बघा.

आणि दादा, तुमच्या एका गोळीत ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. दहा गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉलच ३२५० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला दिवसाची वरची हद्द ४००० आहे. मधे तापाच्या ५०० च्या दोन गोळ्या वरून घेतल्या की हद्द ओलांडलीच. लिव्हरची तपासणी करून घ्या.

लेथवाला_मच्छे
२१ जून, रात्री ९.५०

सगळ्यांना नमस्कार. अक्का, तुमचं वाचलं आणि तसाच मंडळीला उठवलं. ती काही बोलली नाही. टूलबॉक्स कुठाय तेवढं विचारलं. मग चहा ठेवला, आणि उजाडल्यावर भावाला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

मला वाटलं होतं, पोलीस केसचं बोलतील, ओरडतील. तसलं काही झालं नाही. बीपी बघितलं, रक्त काढलं, सलाईन लावलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी किती, कधीपासून, कुठून, सगळं विचारून लिहून घेतलं. समुपदेशन करणाऱ्या मॅडम कन्नड बोलणाऱ्या. कामापुरतं कन्नड मला येतं, वर्कशॉपमध्ये निम्मी माणसं कन्नडच. पण रात्री छातीत जी हुरहूर होते तिला कन्नडात काय म्हणायचं ते येईना. दोनदा सुरुवात केली आणि थांबलो. त्या म्हणाल्या, "मराठीयल्ले हेळी, ननगे अर्थ आगुत्तदे." मराठीतच सांगा, मला कळतं. मग बोललो. तीन वर्षांत पहिल्यांदा आकडा खरा सांगितला.

दहावरून एकदम शून्य नको म्हणाले. आठवर ठेवलंय, ठरलेल्या वेळेला, आणि दर पंधरा दिवसांनी एक कमी. रात्रीच्या त्रासासाठी बीपी बघून चार दिवस क्लोनिडिन दिलं. चिठ्ठी एकाच डॉक्टरांची, दुकान एकच. पट्ट्या मंडळीकडं. तिनं कुंदा मिठाईचा जुना डबा घेतलाय, रोज सकाळी त्यात आठ मोजून ठेवते आणि कॅलेंडरवर पेनानं रेघ मारते.

काल पाच तास झोपलो.

वडगावची_विणकर
२२ जून, दुपारी ४.१५

दादा, वाचून बरं वाटलं. मी यातून गेलेय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टॅपेंटाडॉल, चौदा महिने. मागावर बसून पाय चालवायचे म्हणजे गुडघा सांगायलाच नको. सोडायला सात महिने लागले. रात्रीचं काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

पायांचा वळवळाट झोपून सोसायचा नाही, उठायचं. आमच्या घरात सोप्यापासून परसापर्यंत अठरा पावलं होतात, मी ती मोजत चालायची. मग बादलीत सोसेल इतकं गरम पाणी, त्यात मीठ, पोटरीपर्यंत पाय. पाणी कोमट होईपर्यंत बसायचं. पुसून खोबरेल तेलानं घोट्यापासून वर चोळायचं. हे करून अर्धा-पाऊण तास शांत जायचा, तेवढ्यात डोळा लागला तर लागला. नाही लागला तर परत पाणी तापवायचं.

जुलाब होते तेव्हा ओआरएस, पेज, ताक. जेवण गेलं नाही तरी नाचणीची आंबील जायची. जुलाबाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्या. लोपेरामाइड जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. चहा दुपारनंतर बंद केला होता, तो एक फरक मला जाणवला.

आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या गोळ्या कमी करणं सोपं होतं, शेवटच्या जड गेल्या. आठातली एक काढली तर आठवा हिस्सा जातो, दोनातली एक काढली तर निम्मं जातं. अंगाला तो धक्का तेवढाच मोठा लागतो. तिथं घाई करू नका. मी दोनवर सहा आठवडे राहिले. सासूबाई म्हणायच्या, "दोनच तर राहिल्यात, टाक की सोडून." त्यांना समजावून दमले, मग डॉक्टरांकडंच घेऊन गेले त्यांना.

लेथवाला_मच्छे
२२ जून, रात्री १०.३०

वडगावच्या अक्का, बादलीचं आज करून बघतो.

हुक्केरी_शिक्षक
३ जुलै, संध्याकाळी ७.२०

धागा सगळा वाचला. माझ्या वडिलांना दिवसाला एकदा घ्यायची लांब पल्ल्याची ट्रामाडॉल आहे, एसआर लिहिलेली. तीच अर्धी तोडून कमी करत गेलं तर चालेल का? ते ६८ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचंही औषध चालू आहे.

औषधवाला_खानापूर
३ जुलै, रात्री ८.४५

नाही सर, एसआर गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. डॉक्टर कमी ताकदीची गोळी लिहून देतात किंवा साध्या गोळीवर आणून मग उतरवतात. त्यांची बाकीची सगळी औषधं पिशवीत घालून बरोबर न्या. उदासीवरची गोळी चालू असेल तर ती मुद्दाम दाखवा, काही औषधं ट्रामाडॉलबरोबर घेतली की सेरोटोनिन जास्त होऊन अंग ताठतं, ताप चढतो, फिट येते.

सिस्टर_अक्का
४ जुलै, सकाळी ६.००

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून कुठं जायचं विचारलं, म्हणून इथंच लिहिते.

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडचं डिमहान्स पाऊणशे किलोमीटरवर आहे, ते खास मनाच्या आणि मेंदूच्या आजारांसाठी. तालुका दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाखाली ठरलेल्या मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात. घराबाहेर पडायचं धाडस होत नसेल तर टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाणीचा १४४१६ लावा, कुठल्याही वेळी, फुकट आहे, आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते. व्यसनासाठी म्हणून १४४४६ हाही सरकारी नंबर आहे.

गावोगावी "व्यसनमुक्ती" अशी पाटी लावून माणसाला कोंडून ठेवणाऱ्या जागा असतात. तिथं डॉक्टर रोज येतो का, रात्री नर्स असते का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय माणूस ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवायची सक्ती आहे.

काहींना हळूहळू कमी करणं जमतच नाही. त्यांना जिभेखाली विरघळवायची ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोनची गोळी देतात. "एक सोडून दुसरी लागली" असं तिच्याबद्दल बोलतात, निपाणीच्या दादांनीही वर तसंच लिहिलं होतं. पण ती घेणारा माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो, आणि चोरून गावोगाव फिरत नाही. मी त्यांना बरं झालेलंच म्हणते.

घरात कुणी गरोदर असेल आणि या गोळ्या चालू असतील तर एकदम बंद करायच्या नाहीत. पोटातल्या बाळालाही तो धक्का बसतो. लगेच डॉक्टर.

लेथवाला_मच्छे
२८ सप्टेंबर, रात्री ११.२०

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती.

ऑगस्टअखेर तीनवर आलो होतो. गणपतीत मंडपाचं लाकूड उचलायला गेलो, जायला नको होतं. कंबर धरली. विसर्जनाच्या रात्री मिरवणूक चालू असताना एका ओळखीच्याकडून चार गोळ्या घेतल्या. दोन घेतल्या आणि तिथंच बसलो. ताईंच्या भावाचं आठवलं. उरलेल्या दोन घरी येऊन मंडळीच्या हातात ठेवल्या आणि सांगितलं. ती रात्रभर जागी होती, मला मधे मधे हलवून बघायची.

डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं, परत आठपासून. ते म्हणाले, तीनवरच राहा, महिनाभर काहीच कमी करायचं नाही. कंबरेसाठी फिजिओथेरपी चालू केली.

एक गोष्ट विचारतो. जास्त गोळ्या खात होतो तेव्हा कंबर जास्त दुखायची, आता तीनवर कमी दुखते. असं कसं?

सिस्टर_अक्का
२९ सप्टेंबर, सकाळी ६.१०

होतं तसं. या जातीच्या गोळ्या फार दिवस, फार घेतल्या की वेदनेच्या नसा उलट्या हळव्या होतात, जरा लागलं तरी जास्त दुखतं. शिवाय दोन गोळ्यांच्या मधे औषध उतरताना जी दुखायची ती सगळी चकतीची नव्हती, बरीचशी गोळीचीच होती.

सांगितलंत हे फार चांगलं केलंत. लाज कसली.

चिकोडीची_ताई
२९ सप्टेंबर, दुपारी १.०५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. हलवून बघत रात्र काढणं काय असतं ते मला ठाऊक आहे. भाऊ आता कामाला लागलाय, जिभेखालची गोळी घेतो.

लेथवाला_मच्छे
३० नोव्हेंबर, रात्री ९.१५

दीडवर आहे. सकाळी एक, रात्री अर्धी. साधी गोळी आहे, अर्धी करायला डॉक्टरांनीच सांगितलं, मंडळी सुरीनं करते. लिव्हरचा रिपोर्ट बरा आला. करंटचे झटके गेले. झोप साडेपाच तासांच्या वर जात नाही अजून, आणि दुपारी तीनच्या सुमाराला उगाच रडू येतं, लेथवर उभा असताना. लेथ थांबवून तोंड धुऊन येतो. मालकांना सांगितलंय, त्यांनी जड जॉब दुसऱ्याकडं दिले.

टूलबॉक्स मुलीनं घासून पुसून लावून दिला. ड्रिल आता नंबरप्रमाणे आहेत.

रात्रीची अर्धी जानेवारीत काढायची असं ठरलंय.

वडगावची_विणकर
३० नोव्हेंबर, रात्री ९.४०

दादा, ती अर्धी काढाल त्या रात्रीपासून आठ दिवस मी रोज अकरा वाजता इथं बघेन. तारीख ठरली की लिहा.